'मे' आणि 'कॅन' यांच्यामधलं अंतर

आजचा विषय व्याकरणाचा आहे, पण परीक्षेपुरता नाही. कॅन, मे, शुड, मस्ट, शॅल ही इंग्रजीतली छोटी सहायक क्रियापदं. त्यांना मोडल व्हर्ब म्हणतात. शाळेत आपण अर्थ पाठ केले. कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजेही शकणे. मस्ट म्हणजे पाहिजे, शुड म्हणजेही पाहिजे. दोन दोन शब्दांना एकच अर्थ लावला, की हक्कांविषयीचं इंग्रजी वाचताना घोटाळा होतो.

'मला मत देता येतं' हे आपलं साधं मराठी वाक्य घ्या. याचा अर्थ काय? मत कसं द्यायचं ते मला कळतं? मला तसा अधिकार आहे? की मी केंद्रापर्यंत पोहोचू शकतो, वाटेत कोणी अडवत नाही? मराठीत 'येतं' हा एक शब्द तिन्ही ओझी वाहतो. इंग्रजीत अधिकार किंवा परवानगी असेल तर 'मे', आणि प्रत्यक्षात जमत असेल तर 'कॅन'. बोलताना परवानगीसाठीही 'कॅन' वापरतात, ते चुकीचं नाही. पण कायद्याच्या भाषेत हा फरक जपला जातो. नागरी हक्कांचा इतिहास म्हणजे पुष्कळदा या दोन शब्दांमधल्या अंतराचाच इतिहास असतो.

अमेरिकेचं उदाहरण बघू. तिथल्या राज्यघटनेत 1870 साली पंधरावी दुरुस्ती झाली. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणांवरून नागरिकाचा मताधिकार 'शॅल नॉट बी डिनाइड ऑर अब्रिज्ड', अशी तिची भाषा आहे. यात शिकण्यासारखे दोन शब्द आहेत.

पहिला 'शॅल'. शाळेत आपण 'आय शॅल, यू विल' असा भविष्यकाळ शिकलो. कायद्यातलं 'शॅल' मात्र भाकीत नसतं, ती आज्ञा असते. आपल्या संविधानाच्या मराठी पाठात चौदाव्या अनुच्छेदात राज्य समानता 'नाकारणार नाही' अशी रचना आहे. रूप भविष्यकाळाचं, अर्थ मात्र 'नाकारता कामा नये' असा.

दुसरा शब्द 'अब्रिज'. संक्षिप्त शब्दकोशाला अब्रिज्ड डिक्शनरी म्हणतात, तोच हा शब्द. 'डिनाय' म्हणजे साफ नाकारणं, 'अब्रिज' म्हणजे हक्क राहू देऊन तो कातरणं. कायदा करणाऱ्यांनी दोन्ही वाटा बंद केल्या होत्या. तरीही दक्षिणेकडच्या राज्यांनी पळवाटा काढल्या. मतदानासाठी कर लावला, त्याला पोल टॅक्स म्हणत. साक्षरतेची परीक्षा ठेवली. काही ठिकाणी घटनेतलं एखादं कलम समजावून सांगायला लावत, आणि उत्तर बरोबर की चूक हे नोंदणी अधिकारीच ठरवे. म्हणजे कृष्णवर्णीय नागरिकाच्या बाबतीत 'ही मे व्होट' हे कागदावर खरं होतं, 'ही कॅन व्होट' हे खोटं होतं. हे अंतर मोडून काढायला 1965 चा मताधिकार कायदा यावा लागला. मधे 95 वर्षं गेली.

आपल्याकडे महाडला हेच घडलं. 1923 साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. पुढे महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. झाला की 'मे'! पण पाणी प्यायला कोणी धजावू शकत नव्हतं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर जमावावर हल्ला झाला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडलं.

आता नकाराकडे या. 'मस्ट नॉट' म्हणजे करायचं नाही, मनाई. 'डोन्ट हॅव टू' म्हणजे करायची सक्ती नाही, केलं तरी चालेल. आपले विद्यार्थी हे दोन हमखास एकमेकांच्या जागी घालतात. 1 डिसेंबर 1955 रोजी मॉन्टगोमेरी शहरात बसचालकानं रोझा पार्क्स यांना गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला सांगितलं. चालकाच्या मते 'यू मस्ट', पार्क्स यांच्या मते 'आय डोन्ट हॅव टू'. त्यांना अटक झाली आणि कृष्णवर्णीयांनी 381 दिवस बसवर बहिष्कार घातला.

थोडे नेहमीचे शब्दही लक्षात ठेवा. 'सेग्रिगेशन' म्हणजे माणसांना वेगळं बसवणं, वेगळं ठेवणं. 'डिस्क्रिमिनेशन' म्हणजे भेदभाव, आणि तो शेजारी बसवूनही करता येतो. 'सफ्रेज' म्हणजे मताधिकार. त्याचा 'सफर', म्हणजे सोसणं, याच्याशी काही संबंध नाही. मूळ लॅटिन शब्द मताचाच आहे. आणि 'फ्रँचाइज' म्हणजे फक्त वडापावच्या दुकानाची शाखा नव्हे, मताधिकारालाही तोच शब्द आहे.

हे सगळं आपल्या काय कामाचं? 2005 चा माहितीचा अधिकार कायदा इंग्रजीतून काढून वाचा. माहिती मागणाऱ्याला कारण सांगायला लावता येणार नाही, तिथे 'शॅल नॉट' आहे. अधिकाऱ्यानं 30 दिवसांत माहिती द्यावी किंवा कारण देऊन नाकारावी, तिथे 'शॅल' आहे. 'मे' असतं तर ती साहेबांची मर्जी झाली असती. खिडकीपलीकडून कोणी विचारलं, 'कशाला हवीय माहिती?' तर वाद घालू नका, त्या वाक्यावर बोट ठेवा.

म्हणून एक सवय लावून घ्या. नियम, फॉर्म, नोटीस, काहीही इंग्रजीतून हातात आलं, की आधी मोडल क्रियापदांखाली पेन्सिलीनं रेघ मारा. मग प्रत्येकापुढे लिहा : हे कोणावर बंधन घालतंय, माझ्यावर की त्यांच्यावर? आणि जिथे आपल्याला 'मे' दिलंय, तिथे 'कॅन' आहे का, हे स्वतः जाऊन बघा. पुढच्या वेळी येताना असा एक कागद बरोबर आणा, आपण तो मिळून वाचू.