नकाराचा कर्ता : लष्करी विभागातील अभिलेख-मागण्या आणि उत्तरदायित्वाची वाटणी

१

"आपली मागणी नाकारण्यात आली आहे" हे वाक्य शासनव्यवहारात नित्य आढळते. व्याकरणदृष्ट्या त्यात काही उणे नाही. कर्म आहे, क्रियापद आहे, दोहोंचा लिंगवचनाचा मेळही आहे. परंतु ज्याच्या हाती ते पत्र पडते त्याच्या मनात प्रथम उभा राहणारा प्रश्न, मागणी नाकारली कोणी, त्या वाक्यात अनुत्तरितच राहतो.

येथे मराठीच्या रचनेतील एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. "अधिकाऱ्याने मागणी नाकारली" हाही कर्मणि प्रयोगच होय. क्रियापद 'मागणी' या कर्माप्रमाणे चालते. तरीही तृतीयान्त कर्ता तेथे उपस्थित आहे आणि तो गाळला तर वाक्य अपुरे वाटते. म्हणजे कर्त्याचा लोप होतो तो कर्मणि प्रयोगामुळे नव्हे, तर '-ण्यात येणे' या रचनेमुळे. या रचनेत कर्ता सांगावयाचाच झाला तर 'अधिकाऱ्याकडून' असे पद निराळे आणावे लागते. न आणले तरी वाक्य पूर्णच भासते. इंग्रजी कार्यालयीन भाषेतील कर्मप्रधान वाक्याचेही असेच आहे.

लष्करी संस्थेत हा लोप केवळ भाषेपुरता नसतो. अमेरिकेतील भूसेनेच्या नियमावल्या 'सेनासचिवांच्या आज्ञेवरून' प्रसृत होतात; खालच्या अधिकाऱ्याची सही 'सेनाधिकाऱ्याकरिता' अशा शब्दांखाली येते. आज्ञा वरून येते, कृती खाली घडते आणि मधला प्रत्येक जण दुसऱ्याच्या वतीने लिहितो. अशा संस्थेकडे नागरिकाने कागदपत्र मागितले असता ते देण्याची वा नाकारण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्या देशात गेली सहा दशके कायद्याने व नियमांनी सोडविण्याचा यत्न झाला आहे. त्या यत्नाचे स्वरूप येथे पाहावयाचे आहे.

२

अमेरिकेच्या कायद्यात 'लष्करी विभाग' ही पारिभाषिक संज्ञा आहे. भूसेना, नौदल आणि वायुदल हे तीन विभाग तिच्यात येतात. मरीन दल नौदल विभागाच्या आणि २०१९ मध्ये स्थापन झालेले अंतराळ दल वायुदल विभागाच्या कक्षेत मोडते. तिन्ही विभाग संरक्षण खात्याच्या अंतर्गत असले तरी प्रत्येकाला स्वतःचा सचिव व स्वतःचे विधिसल्लागार आहेत.

माहिती-स्वातंत्र्याच्या अधिनियमावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ४ जुलै १९६६ रोजी सही केली व पुढील वर्षी तो अमलात आला. कोणाही व्यक्तीने मागितलेला अभिलेख द्यावयाचा, हा नियम. नऊ प्रकारची माहिती रोखून धरता येते, हा अपवाद. मात्र अपवादाचा आधार घेऊन नकार कोणी द्यावयाचा, याविषयी मूळ अधिनियम मोघम होता. १९७४ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्या नामंजूर केल्या; तथापि काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी नोव्हेंबर १९७४ मध्ये त्यांचा नकाराधिकार झुगारून त्या संमत केल्या.

या दुरुस्त्यांपैकी न्यायालयाने गुप्त कागद स्वतः तपासण्याची तरतूद अधिक गाजली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद मात्र दुसरी आहे. नकाराच्या प्रत्येक पत्रात, त्या नकारास जबाबदार असलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव आणि तिचे पद नमूद केले पाहिजे, असे बंधन त्या वर्षी घालण्यात आले. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, नकाराच्या वाक्यात कर्त्याचा लोप करण्यास कायद्याने मनाई केली. याच्या जोडीला आणखी एक कलम आले. न्यायालयाने अभिलेख देण्याचा हुकूम केला, वादखर्च शासनावर बसविला आणि नकार मनमानीचा असावा अशी शंका लेखी नोंदविली, तर त्या नकारास 'मुख्यतः जबाबदार' असलेल्या सेवकाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई योग्य ठरेल किंवा कसे, याची स्वतंत्र चौकशी सुरू व्हावयाची.

३

नाव लिहावयाचे खरे, पण कोणाचे? पत्र टंकलिखित करणाऱ्याचे, कागद कपाटात ठेवणाऱ्याचे, की ज्याच्या नावाने सारे चालते त्या सचिवाचे? पाणिनीय परंपरेत कर्ता म्हणजे क्रियेच्या सिद्धीत स्वतंत्र असणारा. आणि त्या स्वतंत्राला प्रवृत्त करणारा तो प्रयोजक कर्ता. या भेदाचा येथे उपयोग होतो. लष्करी आज्ञाव्यवस्थेत वरिष्ठ हा प्रयोजक व कनिष्ठ हा प्रयोज्य असतो. नकाराचे उत्तरदायित्व प्रयोज्यावर टाकले तर ज्याला निर्णयाचे स्वातंत्र्य नाही त्याचे नाव पत्रात येते. सचिवावर टाकले तर ज्याने कागद पाहिलाही नाही त्याचे येते. दोन्ही प्रकारांत नाव असूनही कर्ता सापडत नाही.

भूसेना विभागाच्या १९९७ च्या नियमावलीने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्यात एकाच क्रियेचे चार भाग पाडलेले दिसतात. पहिला भाग अभिलेख सांभाळणाऱ्याचा. त्याने कागद शोधावा, वाचावा आणि कोणताही अपवाद लागू होत नसेल तर देऊन टाकावा. दुसरा भाग अर्जांची नोंद, मुदत व पत्रव्यवहार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा. तिसरा भाग ज्याला मराठीत 'प्रथम नकाराधिकारी' म्हणता येईल त्याचा. चौथा भाग अपिलाचा. तो सेनासचिवांच्या वतीने विभागाच्या मुख्य विधिसल्लागाराच्या कार्यालयाकडे.

यातील मर्म असे की, देण्याचा अधिकार खालपर्यंत पसरलेला आहे, नाकारण्याचा मात्र मोजक्या वरिष्ठ पदांपुरता राखलेला आहे. कागद सांभाळणाऱ्याला एखादा मजकूर रोखावा असे वाटले, तर त्याने तसे स्वतः कळवावयाचे नाही. कागद, प्रस्तावित वगळणी आणि त्याची कारणे नकाराधिकाऱ्याकडे पाठवावयाची. ही पदेही विषयवार वाटलेली होती. वैद्यकीय अभिलेखांसाठी सर्जन जनरल, विधिविषयक अभिलेखांसाठी जज्ज अ‍ॅडव्होकेट जनरल, गुन्ह्यांच्या तपासासाठी गुन्हे-अन्वेषण दलाचा प्रमुख, अपघातांच्या सुरक्षाविषयक चौकशीसाठी सुरक्षितता केंद्राचा प्रमुख, अशी ती वाटणी होती.

उदाहरणार्थ, सरावाच्या वेळी वाहन उलटून एक सैनिक दगावला आणि त्याच्या कुटुंबाने चौकशीचे सर्व कागद मागितले, असे समजू. कागद एकाच छावणीत, कदाचित एकाच कपाटात असतील. परंतु त्यातील शवचिकित्सेचा भाग एका नकाराधिकाऱ्याच्या कक्षेत, फौजदारी तपासाचा दुसऱ्याच्या आणि सुरक्षा-चौकशीचा तिसऱ्याच्या. कुटुंबाला तीन पत्रे तीन वेळी येऊ शकतात. हा विलंब या पद्धतीचा खरा दोष होय. त्याच्या मोबदल्यात मिळते ते एवढेच, पण ते थोडे नव्हे: प्रत्येक पत्राखाली त्या विषयात निर्णय घेण्यास खरोखर समर्थ अशा एका व्यक्तीचे नाव असते आणि कुटुंबाचे अपील नेमक्या त्या निर्णयाविरुद्ध चालते.

नौदल विभागाने अपिलाचेही विषयवार दोन भाग केले. काही जज्ज अ‍ॅडव्होकेट जनरलकडे, काही विभागाच्या मुख्य विधिसल्लागाराकडे. पुढे २०१७ मध्ये संरक्षण खात्याने आपल्या सर्व घटकांसाठी एकच नियम केला; तरी अर्ज ज्या त्या विभागाने हाताळावयाचे, हे विकेंद्रित स्वरूप कायम राहिले.

४

कर्त्याबरोबर नकाराच्या वाक्यात कारणही यावे लागते, आणि ते नऊ अपवादांपैकीच एक असावे लागते. या बाबतीत दोन निर्णय उल्लेखनीय आहेत. वायुदलाच्या अकादमीतील शिस्तविषयक सुनावण्यांचे सारांश, नावे वगळून, एका विधिविषयक नियतकालिकाच्या विद्यार्थी-संपादकांनी मागितले होते. अकादमीने ते नाकारले. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की, खासगीपणाचे कारण पुढे करून सारा कागद रोखता येत नाही. ओळख पटविणारा मजकूर काढून उरलेला भाग देता येतो की नाही, हे पाहिले पाहिजे. याचा परिणाम असा की, नकाराधिकाऱ्याचा निर्णय आता कागदापुरता न राहता ओळीओळीपुरता झाला.

दुसरा निर्णय २०११ चा, नौदल विभागाविरुद्धचा. वॉशिंग्टन राज्यातील एका बेटावरील दारूगोळ्याच्या कोठाराविषयी, स्फोट झाल्यास हानी कोठवर पोहोचेल याचे नकाशे व आकडे एका रहिवाशाने मागितले होते. विभागाने 'अंतर्गत सेवकवर्गविषयक नियम' या अपवादाचा आधार घेतला. न्यायालयापुढे प्रश्न होता तो जवळजवळ शब्दार्थाचा. 'सेवकवर्गविषयक' या विशेषणाचा रूढ अर्थ नेमणूक, वेतन, रजा, शिस्त इत्यादी बाबींपुरता आहे. स्फोटाच्या अंतराचे आकडे त्यात बसत नाहीत, असा निर्णय झाला. गुप्ततेची गरज खरी असेल तर तिला शोभणारा अपवाद सांगा, भलत्या शब्दात ती कोंबू नका, असा त्याचा आशय होता.

५

नकार हा नेहमी नकाराच्याच शब्दांत येतो असे नाही. 'अभिलेख सापडत नाही' आणि 'हा विषय या कार्यालयाचा नाही' ही त्याचीच दोन रूपे होत. आणि दोहोंतही कर्ता दिसत नाही. 'सापडणे' हे क्रियापदच असे की शोधणारा त्यात गौण ठरतो. म्हणून १९९० मध्ये भूसेना विभागाविरुद्धच्या एका अपिलात न्यायालयाने शोधाचा तपशील मागितला: कोणते शब्द घेऊन, कोणत्या पद्धतीने शोध केला, आणि जेथे कागद असण्याचा संभव होता त्या सर्व जागा पाहिल्या काय, हे प्रतिज्ञापूर्वक सांगावयास हवे. 'सापडले नाही' या वाक्याला 'कोणी, कोठे आणि कसे शोधले' ही पदे जोडावयास लावण्याचाच हा प्रकार होता.

अर्थात कधी कधी अभिलेख खरोखरच नसतो. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळील राष्ट्रीय सेवक-अभिलेख केंद्राला लागलेल्या आगीत सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख लष्करी सेवापुस्तिका नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूसैनिकांपैकी सुमारे ८० टक्के सैनिकांचे अभिलेख त्यांत गेले. निवृत्तिलाभासाठी येणाऱ्या अर्जांना तेव्हापासून इतर कागदांवरून सेवेचा वृत्तान्त जुळवून उत्तर द्यावे लागते. कागद गेला तरी उत्तर देण्याची जबाबदारी जात नाही, हे या प्रसंगाने स्पष्ट केले.

अर्ज एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहण्याच्या प्रकाराला २००७ च्या दुरुस्तीने आळा घातला. वीस कार्यदिवसांची मुदत योग्य घटकाकडे अर्ज पोहोचल्यापासून मोजावयाची खरी. परंतु अर्ज स्वीकारणाऱ्या कोणत्याही नियुक्त घटकाकडे तो प्रथम आल्यापासून दहा दिवसांच्या आत ती सुरू झालीच पाहिजे. त्यापूर्वी डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने प्रत्येक खात्यात या कामासाठी एक वरिष्ठ मुख्य अधिकारी नेमण्याची पद्धत सुरू झाली होती. तिलाही या दुरुस्तीने कायद्याचे बळ दिले.

६

त्याच २००५ साली भारतात माहितीचा अधिकार अधिनियम झाला. महाराष्ट्रात तर या विषयाचा राज्याचा कायदा त्याआधीच होता. केंद्रीय अधिनियमाने निराळा मार्ग पत्करला. नकारानंतर जबाबदार व्यक्तीचे नाव सांगण्याऐवजी, अर्ज येण्यापूर्वीच प्रत्येक प्राधिकरणाने जनमाहिती अधिकारी नेमावा आणि त्याचे नाव व पद प्रसिद्ध करावे, असे त्याने ठरविले. ज्या गुप्तवार्ता व सुरक्षा संघटनांना हा अधिनियम बहुतांशी लागू नाही, त्यांच्या अनुसूचीत भूसेना, नौदल व वायुदल यांची नावे नाहीत. त्यामुळे ही व्यवस्था भारतीय सैन्यदलांनाही लागू आहे. उत्तराची मुदत तीस दिवसांची. चुकीच्या ठिकाणी आलेला अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावयाचा. आणि वाजवी कारणावाचून विलंब झाल्यास दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, इतका दंड त्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः बसावयाचा.

दोन्ही पद्धतींतील फरक प्रयोजक व प्रयोज्य यांच्या भेदाने नीट उलगडतो. भारतीय कायद्यात कर्त्याचे नाव आधीपासून निश्चित असते, पण तो स्वतंत्र असेलच अशी हमी नसते. जनमाहिती अधिकारी कनिष्ठ असेल आणि निर्णय वरिष्ठाने घेतला असेल, तर सही व दंड एकाचे आणि नकार दुसऱ्याचा, अशी विसंगती उद्भवते. ज्याचे साहाय्य मागितले त्या अधिकाऱ्यालाही चुकीबद्दल जनमाहिती अधिकारीच समजावे, या तरतुदीने तिचे काही अंशी निवारण होते. अमेरिकेच्या पद्धतीत कर्ता पुरेसा वर, म्हणून स्वतंत्र असतो. पण त्याच्यापर्यंत कागद पोहोचण्यास वेळ लागतो आणि विलंबाचा दंड त्याला नाही.

यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, लष्करी विभागात अभिलेख-मागण्यांची जबाबदारी नेमून देणे म्हणजे केवळ एक मेज व एक मुद्रा नेमणे नव्हे. नकाराचे वाक्य ज्याच्या सहीने जाते त्याला तोच निर्णय उलट देण्याचेही स्वातंत्र्य असले पाहिजे. ते नसेल तर पत्रात नाव लिहूनही वाक्य '-ण्यात आले' याच कोटीतील राहते. आणि ज्या कुटुंबाने आपला माणूस कसा गेला एवढेच विचारले होते, त्याला उत्तर देणारा कोणीच भेटत नाही.