एक तंत्रिका, अनेक उंबरठे

बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिकाविज्ञान संस्थेतील, म्हणजेच निम्हान्समधील, संशोधकांनी २०११ साली एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. चुंबकीय प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात निजविलेल्या १२ निरोगी व्यक्तींनी एकदा ओंकाराचा उच्चार केला व एकदा नुसता ‘स्स्स’ असा ध्वनी काढला. ओंकाराच्या वेळी मेंदूतील भावनांशी निगडित भागांची क्रिया मंदावलेली दिसली. ‘स्स्स’ म्हणताना तसे काही घडले नाही. ओंकाराने कानाभोवती जी कंपने होतात, ती तेथील त्वचेत पसरलेल्या व्हेगस तंत्रिकेच्या शाखेला जाणवत असावीत, असा संशोधकांचा तर्क होता. कारण ही तंत्रिका विजेने चेतविली असताही मेंदूत अशाच तऱ्हेचे बदल आढळले होते.

तर्क मनोवेधक आहे. परंतु तंत्रिका ‘चेतविली’ म्हणजे तिच्यातील नेमके काय चेतविले, हे प्रथम पाहिले पाहिजे.

व्हेगस, अर्थात प्राणेशा तंत्रिका, मेंदूच्या बुंध्यापासून निघून मानेतून हृदय, फुप्फुसे व जठर यांच्यापर्यंत पोहोचते. ती एकच तार नव्हे. मानेत तिच्यामध्ये सुमारे एक लाख तंतू असतात, व त्यांतील बहुसंख्य शरीराची वार्ता वर मेंदूकडे नेतात. अर्लँगर व गॅसर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंत्रिकांतील तंतूंची जाडी व संदेशाचा वेग यांवरून वर्गवारी केली आणि १९४४ चे नोबेल पारितोषिक मिळविले. ‘ए’ तंतू जाड व वेगवान, ‘बी’ मध्यम, आणि ‘सी’ अगदी बारीक व मज्जावेष्टन नसलेले. ‘सी’ तंतूतील संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर चालतो. माणूस त्याहून भरभर चालतो!

बाहेरून वीज दिली असता जाड तंतू आधी जागे होतात. त्यांचे वेष्टन जेथे जेथे खंडित असते, ती स्थाने एकमेकांपासून दूर असतात. त्यामुळे लगतच्या दोन स्थानांमधील विद्युतदाबाचा फरक त्यांत मोठा पडतो. प्रवाह वाढविला की ‘बी’, आणि पुष्कळच वाढविला की ‘सी’. शरीराच्या स्वाभाविक व्यवहारात मात्र असा क्रम नसतो. तेथे प्रत्येक तंतू आपापल्या कारणाने बोलतो.

अपस्माराच्या रुग्णांना याची प्रचीती येते. १९८८ साली अमेरिकेत मानवी व्हेगसवर प्रथमच विद्युतयंत्र बसविले गेले. १९९७ मध्ये या उपचारास तेथे मान्यता मिळाली. डाव्या मानेतील तंत्रिकेभोवती विद्युतअग्र गुंडाळतात आणि छातीच्या त्वचेखालील यंत्र ठराविक काळाने त्याला स्पंदने देते. स्पंदन सुरू होताच अनेकांचा आवाज घोगरा होतो, कारण स्वरयंत्राकडे जाणारे तंतू ‘ए’ वर्गातले, म्हणजे सर्वांत आधी जागे होणारे. शिक्षकाला किंवा गायकाला ही किंमत थोडी नव्हे. हृदयगती मंदावणारे ‘बी’ तंतू त्यापुढच्या उंबरठ्यावर असतात. एकेकाळी वाटे की झटके थांबविण्याचे कार्य ‘सी’ तंतूंचे असावे. परंतु उंदरांमधील ते तंतू औषधाने निकामी केल्यावरही उपचाराचा परिणाम टिकून राहिला. तेव्हा प्रवाह वाढवीत नेण्यात अर्थ नाही. आता विद्युतअग्राचे तुकडे करून स्वरयंत्राचे तंतू टाळून तंत्रिकेचा एकच भाग चेतविता येईल काय, याचा शोध चालू आहे.

याच दृष्टीने कानाकडे पाहावे. कानातील शाखा त्वचेची आहे. स्वरयंत्राकडे वा हृदयाकडे जाणारे तंतू तिच्यात नाहीत. म्हणूनच तेथे वीज दिल्यास आवाज बसण्याचे भय उरत नाही, शिवाय शस्त्रक्रियाही टळते. मात्र कंपन म्हणजे वीज नव्हे. ते तंतूंना सरसकट जाडीच्या क्रमाने जागे करीत नाही. त्वचेतील स्पर्शग्राहकांना हलवून त्यांच्याच तंतूंकरवी बोलते. बंगळूरच्या प्रयोगात प्रतिमा मेंदूच्या घेतल्या, तंत्रिकेतील संदेश मोजले नाहीत. बारा माणसांच्या मेंदूंत काय मंदावले ते दिसले. ती वार्ता कोणत्या तंतूने वर नेली, हे दाखविण्यास कानाच्या शाखेवरच मापन करावे लागेल.