जुन्या चित्रपट-पोस्टरांची दुकाने आणि तिथले गिऱ्हाईक

जुन्या चित्रपटांची मूळ पोस्टर्स विकणारी दुकाने महाराष्ट्रात मोजकीच आहेत. त्यांतली सर्वांत परिचित दक्षिण मुंबईच्या चोरबाजारात, भेंडी बाजाराजवळच्या मटन स्ट्रीटवर आहेत. ग्रामोफोन, जहाजांवरचे पितळी दिवे, लोलकाची घड्याळे यांच्या शेजारी इथे पोस्टर्स, लॉबी कार्डे आणि गाण्यांच्या पुस्तिका गठ्ठ्यांनी रचलेल्या असतात. ‘मिनी मार्केट’ हे यांतले एक दुकान परदेशी पर्यटकांनाही माहीत आहे. गल्लीतली बरीच दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, म्हणून पोस्टरासाठी येणाऱ्याने दुसरा वार निवडलेला बरा.

या दुकानांतून कोणी समाधानाने बाहेर पडतो, तर कोणी फसल्याच्या भावनेने. फरक पडतो तो दोन गोष्टींमुळे : गिऱ्हाइकाला मूळ छपाई ओळखता येते का, आणि विक्रेता तिच्याबद्दल खरे सांगतो का. पोस्टर कसे घडत होते, कसे फिरत होते आणि त्यातले थोडेसेच मागे का उरले, हे कळले की ही पारख अवघड राहत नाही.

घडण

महाराष्ट्रात रंगीत चित्रांची छपाई घरोघर पोहोचवली ती राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. छपाई शिळाछापाची असे. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा आणि एकच कागद त्या सगळ्या दगडांवरून नेमका जुळवून पुन्हा पुन्हा छापायचा. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केले होते. पुढे दगडाची जागा जस्ताच्या पत्र्याने आणि मग ऑफसेट यंत्राने घेतली.

चित्रपटाच्या जाहिरातीला चित्रकाराचा हात लागला तो कोल्हापुरात. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबुराव पेंटर आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची पोस्टर्स स्वतः रंगवीत. 1924 च्या ‘कल्याण खजिना’चे त्यांचे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणले जाते. कोल्हापूरचेच जी. कांबळे यांनी 1960 च्या ‘मुघल-ए-आझम’च्या भव्य जाहिराती रंगवल्या. मकबूल फिदा हुसेन यांनीही तरुणपणी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले होते. सत्तरच्या दशकात दिवाकर करकरे यांनी छायाचित्रावर रंगाचे जाड, तुटक फटकारे मारून नवी शैली रूढ केली. ‘दीवार’चे पोस्टर त्याच धाटणीचे. ऐंशीच्या दशकानंतर छायाचित्रांची जुळणी आणि पुढे संगणक आले, तसे हाताने रंगवलेले पोस्टर मागे पडले.

फिरस्ती

पोस्टर छापले जाई ते भिंतीवर चिकटवण्यासाठी. सिंगल शीट म्हणजे साधारण 30 बाय 40 इंचांचा कागद. सिक्स शीट आणि त्याहून मोठी पोस्टर्स तुकड्यांत छापून भिंतीवर जोडली जात. थिएटरच्या आत लावण्यासाठी लॉबी कार्डे आणि शो कार्डे असत. शो कार्डांत कृष्णधवल छायाचित्रांचे कापलेले तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवून त्यावर हाताने रंग भरलेला असे, त्यामुळे प्रत्येक शो कार्ड एकमेव ठरते.

चित्रपटांचे वितरण विभागवार होई. सगळा वऱ्हाड ज्या विभागात येई त्याला चित्रपट-व्यवसायात ‘सी. पी. बेरार’ म्हणत; मध्य प्रांत व वऱ्हाड हा ब्रिटिशकालीन प्रांत इतिहासजमा झाल्यावरही धंद्यात हे नाव टिकून राहिले. या विभागाचे वितरक प्रामुख्याने अमरावती आणि भुसावळला असत. चित्रपटाच्या रिळांच्या पेट्यांबरोबर घडी घातलेली पोस्टर्स तिथून तालुक्याच्या गावांकडे आणि जत्रांतल्या तंबूच्या सिनेमाकडे निघत. गावात मैद्याच्या खळीने ती भिंतीवर लागत आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्यावर दुसरे पोस्टर चढे. भिंतीवर गेलेले पोस्टर संपलेच. म्हणून आज दुकानात दिसणारे बहुतेक पोस्टर म्हणजे कधीच न चिकटवलेले पोस्टर : वितरकाच्या गोदामात, छापखान्यात किंवा थिएटरच्या माळ्यावर शिल्लक राहिलेले. एकपडदा थिएटरे आणि वितरकांची कार्यालये बंद पडू लागली, तसे हे गठ्ठे रद्दीच्या भावाने निघाले आणि जुन्या बाजारात पोहोचले.

या उरलेल्या कागदाचे मोल त्यामुळेच मोठे आहे. 14 मार्च 1931 रोजी प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याची ओळख छायाचित्रे आणि छापील जाहिरात यांतूनच होते.

दुकानातला अनुभव

इथे येणारे गिऱ्हाईक अनेक प्रकारचे असते. एखाद्याच नटाचे किंवा दिग्दर्शकाचे साहित्य जमवणारे संग्राहक, हॉटेलची भिंत सजवणारे सजावटकार, जुना काळ उभा करणारे कलादिग्दर्शक, अभ्यासक, परदेशी पर्यटक आणि आईवडिलांनी एकत्र पाहिलेल्या चित्रपटाचे पोस्टर शोधत आलेली मुले.

माल सगळा मांडून ठेवलेला नसतो. गिऱ्हाइकाने चित्रपटाचे किंवा नटाचे नाव सांगायचे आणि विक्रेत्याने गठ्ठ्यातून घडी काढून उलगडायची, ही इथली रीत. जुना कागद घडीवर पिचलेला असतो. त्यामुळे पोस्टर सपाट जागेवर, दोन्ही हातांनी आणि सावकाश उघडावे लागते. घाई करणाऱ्याला विक्रेता चांगला माल दाखवायला कचरतो. थांबणाऱ्याला खालचे गठ्ठेही मिळतात. हवे ते नाव पहिल्याच फेरीत मिळेल याची खात्री नसते. ‘मदर इंडिया’ किंवा ‘शोले’ मागणाऱ्याला मोठी किंमत ऐकावी लागते, तर फारशा न चाललेल्या एखाद्या पौराणिक किंवा मारधाडपटाचे देखणे चित्र परवडणाऱ्या भावात हाती लागते. केवळ नावाच्या मागे न जाता चित्र पाहणारे गिऱ्हाईक इथे सर्वाधिक सुखावते.

पारख

पहिला प्रश्न काळाचा. गाजलेले चित्रपट पुन्हा पुन्हा प्रदर्शित होत आणि दर वेळी नवी पोस्टर्स छापली जात. ‘मुघल-ए-आझम’चे पोस्टर 1960 चे असू शकते, मधल्या एखाद्या पुनर्प्रदर्शनाचे असू शकते किंवा 2004 मध्ये तो पूर्ण रंगीत होऊन आला तेव्हाचेही. तिन्ही अस्सल, पण तिन्हींचे मोल वेगळे. ‘जुने आहे का’ यापेक्षा ‘कोणत्या प्रदर्शनाचे आहे’ हे विचारणे उपयोगाचे.

दुसरा प्रश्न नकलेचा. संगणकावरून काढलेल्या प्रती बाजारात भरपूर आहेत. शोभेची प्रत म्हणून विकल्या तर त्यांत गैर काही नाही. त्या ओळखण्यासाठी एक भिंग पुरते. शिळाछापात रंगाचे दाणे हातच्या रेखाटनासारखे अनियमित दिसतात, ऑफसेटमध्ये ठिपक्यांची शिस्तबद्ध जाळी दिसते, तर आजच्या इंकजेट प्रतीत बारीक फवारा दिसतो. बोटांनीही परीक्षा होते. मूळ पोस्टर स्कॅन करून छापले असेल, तर घडीची रेघ चित्रात दिसते, पण तिथून बोट फिरवले की कागद सपाट लागतो. मूळ कागद बहुधा पातळ, कडांना पिवळसर आणि मागून फिकट असतो. खालच्या कडेला अनेकदा छापखान्याचे नाव आणि मागे कधी वितरकाचा शिक्काही सापडतो.

भाव

किंमत ठरते ती चित्रपट, चित्रकार, प्रदर्शनाचे वर्ष, दुर्मिळता आणि कागदाची अवस्था यांवरून. घडीच्या खुणा त्या काळच्या वाहतुकीचा भाग असल्याने संग्राहक त्या खपवून घेतात. फाटलेले कोपरे, कापलेली किनार, चिकटपट्टीचे डाग आणि नंतर भरलेला रंग यांनी भाव उतरतो. दुरुस्ती झालेली असेल तर विक्रेत्याने ती आपणहून सांगावी, ही किमान अपेक्षा आहे. घासाघीस इथे चालते. कागदाची नीट तपासणी करून, एकाच वेळी दोन-चार वस्तू घेणाऱ्याला सूट सहज मिळते. पावतीवर चित्रपटाचे नाव, मूळ की पुनर्प्रदर्शनाचे, आणि अवस्था एवढे लिहून घेतले की पुढे विकताना किंवा वारसाला देताना वाद राहत नाही.

जपणूक

स्वस्त कागदातल्या आम्लामुळे पोस्टर पिवळे पडते आणि ठिसूळ होते. उन्हाने रंग उडतात, दमटपणाने बुरशी धरते. घरगुती चिकटपट्टी लावणे आणि लॅमिनेशन करणे, या दोन्हींमुळे होणारे नुकसान सहसा भरून येत नाही. पोस्टर आम्लरहित कागदात सपाट ठेवावे. भिंतीवर लावायचे तर अतिनील किरणे अडवणारी काच वापरावी, काच कागदाला टेकू देऊ नये आणि ऊन येणारी भिंत टाळावी. फार जीर्ण पोस्टराला जाणकाराकडून पाण्याने सुटू शकेल अशा खळीने जपानी कागदाचे किंवा कापडाचे अस्तर लावून घेता येते.

ही पोस्टर्स कला म्हणून पाहण्याची दृष्टी उशिरा आली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने 2002 मध्ये भारतीय चित्रपटांच्या जाहिरात-कलेवर प्रदर्शन भरवले. पुण्यात 1964 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने रिळांबरोबर पोस्टर्स, छायाचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपल्या आहेत. मुंबईतील फिल्म हेरिटेज फाउंडेशनही 2014 पासून हे काम करते. अत्यंत दुर्मिळ पोस्टर हाती आलेल्या संग्राहकाने ते अशा संस्थेला दाखवावे, निदान त्याचे उत्तम छायाचित्र तिथे नोंदवावे. वऱ्हाडातल्या एखाद्या बंद थिएटरच्या माळ्यावरचा गठ्ठा रद्दीत घालण्याआधी जाणकाराच्या नजरेखालून घालणे, हेही याच कामातले आहे. मूळ ओळखणारे, खरा भाव देणारे आणि नीट जपणारे गिऱ्हाईक वाढले, तर दुकानदारालाही खरे सांगण्यातच फायदा दिसेल आणि उरलेला कागद टिकेल.