दलदलीतून रणगाडे नेणारा रोकोसोव्स्की

सोव्हिएत सेनानी म्हटले की आपल्याकडे झुकॉव्हचंच नाव आधी निघतं. माझ्या लेखी कॉन्स्तान्तीन रोकोसोव्स्की त्याच्याहून काकणभर सरसच. १९३० साली हाच झुकॉव्ह त्याच्या हाताखाली ब्रिगेड सांभाळत होता.

वडील पोलिश, रेल्वेतले. पोर लवकर पोरकं झालं, वॉर्सात दगड घडवून पोट भरू लागलं. १९१४ च्या युद्धात तो झारच्या घोडदळात शिरला, क्रांतीनंतर लाल सेनेत. चांगला चाललेला हा अधिकारी ऑगस्ट १९३७ मध्ये एकाएकी पकडला गेला. आरोप पोलंड आणि जपानसाठी हेरगिरीचा. कोठडीत मारहाण करून त्याचे दात पाडले. तरीही त्याने कबुलीजबाबावर सही केली नाही आणि कोणाचं नावही घेतलं नाही. त्या काळात भलेभले सह्या करून मोकळे होत होते, म्हणून मला याचं मोल फार वाटतं. मार्च १९४० मध्ये सुटला तो तोंडात धातूचे दात घेऊन.

पुढच्याच वर्षी मॉस्कोच्या वेशीवर, वोलोकोलाम्स्कच्या रस्त्यावर, त्याची सोळावी आर्मी जर्मनांना अडवून उभी होती. मग स्टालिनग्राड, मग कुर्स्क.

पण त्याचा खरा कस लागला तो मे १९४४ मध्ये, क्रेमलिनमधल्या बैठकीत. बेलारूसमधून जर्मनांना हुसकण्याचा बेत ठरत होता. एकाच ठिकाणी सगळं बळ लावून घाव घालावा, हा तेव्हाचा शिरस्ता. रोकोसोव्स्की म्हणाला, बोब्रुइस्कवर दोन बाजूंनी चाल करायची आणि दोन्ही घाव सारख्याच जोराचे. स्टालिनने त्याला शेजारच्या खोलीत जाऊन नीट विचार करून यायला सांगितलं. तो आला, तेच म्हणाला. पुन्हा बाहेर पाठवलं. पुन्हा तेच! ज्या राजवटीने आपले दात पाडले तिच्या धन्यासमोर तो अडून बसला होता. अखेर स्टालिनने मान्यता दिली.

दक्षिणेकडची वाट दलदलीची. तिथून रणगाडे येतील असं जर्मनांच्या ध्यानीमनी नव्हतं. सैनिकांनी झाडं तोडून चिखलावर ओंडक्यांचे रस्ते अंथरले. २४ जूनला हल्ला सुरू झाला. उत्तरेकडची चाल रखडली, दलदलीतली मात्र फत्ते झाली. पाच दिवसांत बोब्रुइस्क पडलं आणि त्याच दिवशी, २९ जूनला, तो मार्शल झाला.

इथे थांबलं तर त्याचं चित्र खोटं ठरेल. त्याच उन्हाळ्यात वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव झाला आणि पुढे तो चिरडला गेला. तेव्हा त्याचं सैन्य विस्तुला नदीच्या पलीकडच्या काठाशी होतं. सख्खी बहीण हेलेना वॉर्सात राहत होती. सैन्य थकलं होतं हे खरं, पण मदत न पोचण्यामागे स्टालिनचं राजकारणही होतं. १९४९ मध्ये त्याला पोलंडचा संरक्षणमंत्री करून पाठवलं. १९५६ मध्ये पोझनानच्या कामगारांवर सैन्य चालून गेलं, माणसं मेली. त्याचा दोष त्याच्याही माथी आहेच. त्याच वर्षअखेरीस पोलंडने त्याला परत पाठवलं.

१९६८ मध्ये तो वारला. त्याच्या आठवणी १९४० च्या वसंतापासून सुरू होतात; तुरुंगाबद्दल त्यांत चकार शब्द नाही. ते पुस्तक हाती आलं, तर पहिल्या पानाआधीची ती अडीच वर्षं लक्षात ठेवूनच वाचा.