पहिल्या सरीनंतरचा निसरडा रस्ता

मृगाची पहिली सर आली की चंद्रपूर-गडचिरोलीतला माणूस सुखावतो. मे महिनाभर पंचेचाळीस अंशांच्या वर तापलेली जमीन निवते, मातीचा वास सुटतो. रुग्णालयाच्या अपघात विभागात मात्र त्याच संध्याकाळी धावपळ सुरू होते. कुणाचं मनगट मोडलेलं, कुणाचं खुब्याचं हाड, कुणाच्या डोक्याला मार. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: “ब्रेक मारला अन् गाडी स्लिप झाली.”

धो-धो पावसापेक्षा ही पहिली हलकी सर जास्त धोक्याची का असते? याचं उत्तर घर्षणात आहे. कॅरमच्या पटावर बोरिक पावडर टाकली की स्ट्रायकर सुसाट जातो, हे सर्वांनी पाहिलेलं असतं. पृष्ठभागावरचा पातळ थर काय करू शकतो, हे त्याहून स्पष्ट दिसतं ते बोलिंगच्या खेळात. मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये हा खेळ असतो. जास्तीत जास्त सव्वासात किलोचा चेंडू ६० फूट लांबच्या लाकडी किंवा कृत्रिम पट्टीवरून घरंगळत सोडून पलीकडच्या दहा खुंट्या पाडायच्या. या पट्टीच्या साधारण पहिल्या ४० फुटांवर मुद्दाम तेल लावलेलं असतं. सगळं मिळून जेमतेम चार-पाच चमचे. थर इतका पातळ की डोळ्यांना फक्त चकाकी दिसते.

पण चेंडूची वाट हाच थर ठरवतो. फिरकी देऊन सोडलेला चेंडू तेलावर नुसता घसरत सरळ जातो. कोरडा भाग लागला की तो पकड घेतो, वळतो आणि मग घसरणं थांबून गडगडू लागतो. तेल लांबवर पसरलेलं असेल तर तो वळतच नाही. कमी असेल तर फार लवकर वळतो. गुळगुळीत प्लॅस्टिकचा चेंडू जास्त घसरतो, राळेच्या आवरणाचा लवकर पकडतो. शिवाय प्रत्येक चेंडू थोडं तेल पुढे ओढत नेतो, त्यामुळे खेळ सुरू असतानाच पट्टी बदलत जाते. मुरलेला खेळाडू म्हणून आधी पट्टी ओळखतो, मग चेंडू टाकतो.

दुचाकीचं याच्या नेमकं उलट होतं. चाक आधी गडगडत असतं. करकचून ब्रेक दाबला की ते जागच्या जागी थांबतं, पण गाडी थांबत नाही. टायर घसरू लागतो. घसरणाऱ्या टायरची पकड गडगडणाऱ्या टायरपेक्षा कमी असते आणि त्याला दिशाही देता येत नाही. वळणावर तर टायरकडे असलेली पकड वळण्यासाठीच खर्च होत असते. त्यात ब्रेक दाबला की उरलेलीही संपते.

आपल्या रस्त्यांवर तो थर उन्हाळाभर साचतो. वाहनांतून ठिबकलेलं ऑइल, डिझेल, टायरचं झिजलेलं रबर आणि धूळ. घुग्घुस-बल्लारपूरकडे त्यात कोळशाची भुकटी, गडचांदूरकडे सिमेंटची, एटापल्ली-आलापल्लीच्या वाटेवर सुरजागडहून येणाऱ्या लोहखनिजाची. पहिली सर हे सगळं धुऊन नेण्याइतकी जोरदार नसते. ती त्याचा फक्त लगदा करते. काही तास चांगला पाऊस झाला की रस्ता बराच धुतला जातो. आठ-पंधरा दिवस उघाड पडली की थर पुन्हा साचतो. जंगलातल्या वळणांवर सागाची ओली पानं हेच काम करतात. रोवणीच्या दिवसांत बांधीतून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पडतो, तोही तसाच.

आता थोडं गणित. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण १४ मीटरवर थांबू शकते. निसरड्या रस्त्यावर घर्षण निम्मं झालं तर त्यासाठी २८ मीटर लागतात. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी आणखी १४ मीटर गेलेली असते, ते वेगळंच. पण वेग निम्मा, म्हणजे २५ केला, तर त्याच निसरड्या रस्त्यावर गाडी ७ मीटरमध्ये थांबते. घर्षण आपल्या हातात नाही, वेग आहे. आणि वेग निम्मा केला की थांबण्याचं अंतर पावपट होतं.

म्हणून पहिल्या पावसात घाईचं काम नसेल तर थोडा वेळ आडोशाला थांबावं. निघायचंच असेल तर वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. दोन्ही ब्रेक हळूहळू, एकत्र दाबावेत. नक्षी झिजलेले टायर पावसाळ्याआधी बदलावेत. पुढच्या ट्रकपासूनचं अंतर दुप्पट ठेवावं. हेल्मेट चालवणाऱ्यानेही घालावं आणि मागे बसणाऱ्यानेही, पट्टा लावून. अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो.

अपघात झालाच तर जखमीला ओढून बसवू नये, मान वाकवू नये, पाणी पाजू नये. वाहतं रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावं. जखमेत हळद किंवा चहापत्ती भरू नये. १०८ वर फोन करावा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, पोलिसांच्या भीतीने मागे हटू नये.

डोक्याला मार लागलेला माणूस उठून चालू लागला तरी पुढचे २४ तास त्याच्यावर लक्ष हवं. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, झटका, कान-नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, हातापायातली शक्ती कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठावं. “प्यायलेला आहे, झोपू द्या” असं म्हणून सोडून दिलेल्या माणसाच्या कवटीत रक्तस्राव सुरू असू शकतो. सिरोंचाहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. जिथे मोठं रुग्णालय इतकं लांब, तिथे सकाळपर्यंत वाट पाहणं परवडत नाही.