कोवळ्या फुप्फुसातून निसटलेली हवा

अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ व्हेंटिलेटरवर स्थिर असतं आणि अचानक त्याच्या रक्तातला ऑक्सिजन घसरतो. छातीची एक बाजू हलेनाशी होते. डॉक्टर खोलीत अंधार करून छातीला प्रखर, थंड प्रकाशाचा दिवा टेकवतात. एक बाजू लालसर उजळली, तर फुप्फुस फाटून हवा छातीत साठल्याची शंका बळावते. हा न्यूमोथोरॅक्स.

मूळ कारण आहे सरफॅक्टंटची कमतरता. फुप्फुसातल्या सूक्ष्म वायुकोशांना आतून अस्तर लावणारा हा पदार्थ नसला, की श्वास सोडताना वायुकोश मिटून चिकटतात. मग श्वासातली हवा उरलेल्या उघड्या कोशांतच शिरते. ते अति ताणले जाऊन फुटतात. निसटलेली हवा कधी फुप्फुसाच्या पेशीजालात अडकते, तर क्वचित हृदयाभोवती साठते. तो प्रकार अत्यंत घातक.

१९५९मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी अवेळी जन्मलेल्या बाळांच्या श्वसनविकाराचा सरफॅक्टंटच्या कमतरतेशी असलेला संबंध दाखवला. तरी १९६३मध्ये उपाय नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा पॅट्रिक याच श्वसनविकाराने ३९ तासांत दगावला. १९८०मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांपासून बनवलेलं सरफॅक्टंट दहा बाळांना यशस्वीपणे दिलं. या औषधाने हवा निसटण्याचं प्रमाणही घटलं.

गळती लहान असेल तर ती बरेचदा आपोआप जिरते. मात्र साठलेल्या हवेने हृदय दाबलं जात असेल, तर एक्स-रेची वाट न पाहता सुईने ती काढावी लागते; मग छातीत नळी घालतात.

गळती टाळणं अधिक मोलाचं. म्हणूनच आता शक्य तिथे नाकावाटे सीपॅपचा, म्हणजे सतत सौम्य दाबाच्या हवेचा, आधार देतात. व्हेंटिलेटर लागलाच, तर प्रत्येक श्वासाची हवा मोजून देतात.

पहिला बचाव मात्र प्रसूतीआधीच करता येतो. २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान अवेळी कळा सुरू झाल्यास आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं १२ तासांच्या अंतराने देतात. त्यांनी बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. भारत सरकारच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिला डोस एएनएमताईही देऊ शकतात. म्हणून दिवस भरण्याआधी पोटात कळा आल्या किंवा अंगावरून पाणी गेलं, तर घरी थांबू नका. ताबडतोब दवाखाना गाठा आणि या इंजेक्शनांविषयी आवर्जून विचारा.