वाटाणा, काड्या आणि हरणं

उमरीचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते 30 जानेवारी 1948 रोजीच्या बँक लुटीमुळे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातलं ते धाडस सोडलं तर बाहेरच्यांना सांगण्यासारखं आमच्याकडे कापूस आहे, जिनिंग आहे आणि सिकंदराबाद-मनमाड मार्गावरचं स्टेशन आहे. अशा गावात ॲनिमेशनच्या इतिहासाचा नाद लागलेला माणूस थट्टेचा धनी होतो. ‘‘या वयात कार्टून बघू लालाव व्हय?’’ हा प्रश्न मी घरातही ऐकतो, पारावरही ऐकतो.

नवखा माणूस या विषयात शिरला की त्याच्या हाती ठरलेली वंशावळ पडते. 1906 साली अमेरिकेत ब्लॅक्टनने फळ्यावरचे चेहरे हलवले. 1908 साली फ्रान्समध्ये एमिल कोलने ‘फँतास्मागोरी’ काढला. 1914 साली विन्सर मॅकेची डायनोसॉर गर्टी आली, 1928 साली मिकीची ‘स्टीमबोट विली’ आणि 1937 साली ‘स्नो व्हाइट’. यात खोटं काहीच नाही. पण हे सगळं पाठ करून झालं तरी माणूस परक्याच्या लग्नात जेवून आल्यासारखा राहतो. म्हणून मी उलटीकडून निघायचं ठरवलं. उमरीला मनमाडकडे जाणारी गाडी धरायची आणि वाटेत काय लागतं ते पाहायचं.

नांदेड, परभणी, जालना मागे टाकून छत्रपती संभाजीनगरला उतरलं की दक्षिणेला पैठण आणि उत्तरेला अजिंठा. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात वेस्संतर जातक रंगवलं आहे. एकच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हापुन्हा भेटतो: इथे निरोप घेताना, पलीकडे रथात, आणखी पुढे वनात. प्रसंगांच्या मधे चौकट नाही, खांब किंवा झाड आलं की काळ बदलला असं समजायचं. हे पाहून काही मंडळी ‘ॲनिमेशन मूळचं आपलंच’ अशी आरोळी ठोकतात. मला ते पटत नाही. अजिंठ्यात चित्र हलत नाही, पाहणारा हलतो. मात्र एका पात्राच्या अनेक अवस्था ओळीने मांडायच्या आणि मधली हालचाल डोळ्याकडून पुरी करून घ्यायची, हे कसब त्या चित्रकारांना पक्कं ठाऊक होतं.

पैठणची चित्रकथी त्याच्या पुढचं पाऊल टाकते. हातकागदावर रामायण-महाभारतातले प्रसंग, एका बाजूने दिसणारे चेहरे, मोठाले डोळे, आणि दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. चित्रकथी कथा गात एकेक चित्र पुढे करी आणि उलटवी. म्हणजे कोणतं चित्र किती वेळ दिसावं हे आता पाहणारा नव्हे, दाखवणारा ठरवत होता. संकलनाचं मूळ इथे आहे असं मी म्हणेन. पैठणची बरीच चित्रं आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर समाजाने ही कला अजून जिवंत ठेवली आहे. शिवाय तिथे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही चालतो. जर्मनीच्या लोटे रायनिगरने 1926 साली कापलेल्या सावल्यांवर ‘प्रिन्स आख्मेद’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट उभा केला. तो पाहिलेल्या माणसाला पिंगुळीचा पडदा परका वाटणार नाही.

कागद आणि चामड्यानंतर काच आली. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे मुलगे 1890च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ करत. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडात पडद्यावर मोठी होत आणि काचा सरकवून त्यांत हालचाल आणली जाई. सिनेमा भारतात पोचण्याआधी तिकीट काढून पडद्यावरचं चित्र पाहायची सवय मराठी माणसाला अशी लागत होती.

मग येतात दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरला जन्म, जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, पुढे छायाचित्रण, छपाई आणि ‘प्रोफेसर केल्फा’ या उलट्या आडनावाने जादूचे प्रयोग. 1912 साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घातला नाही. भांडवलदाराची खात्री पटवायला त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वेल होईपर्यंत थांबत थांबत चित्रित केला. ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंतराव नाडकर्णींनी कर्ज दिलं. तेवढ्याने भागलं नाही, सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. भारतीय चित्रपटाची पहिली रक्कम उभी राहिली ती अशा, एकेक चौकट घेऊन केलेल्या कामावर.

ही गोष्ट सगळीकडे एकाच शब्दांत सांगितली जाते: महिनाभराहून जास्त काळ रोज एक चौकट, आणि फिल्म मिनिटभराची. नवखेपणाचा एक फायदा असा की माणूस अशा वाक्यापाशी कागद-पेन्सिल घेऊन बसतो. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण 16 चौकटी धावत. रोज एक धरली तर 40 दिवसांच्या 40 चौकटी, म्हणजे अडीच सेकंद! त्या काळच्या कॅमेऱ्याचा दांडा एकदा पुरा फिरवला की सहसा 8 चौकटी पुढे जात. रोज एक फेरा धरला तरी 320 चौकटी, म्हणजे 20 सेकंद. मिनिटभराच्या फिल्मला 960 चौकटी लागतात, म्हणजे रोज 24. तेव्हा दोन्हींपैकी एक गोष्ट सोडावी लागते. माझा कौल असा की फाळके दिवसातून अनेकदा कॅमेऱ्यापाशी जात असणार, आणि ‘रोज एक’ ही नंतरच्या सांगणाऱ्यांची सोय. याने फाळक्यांचं मोठेपण कमी होत नाही. उलट एका वाटाण्यापुढे दिवसातून किती वेळा उभं राहावं लागलं असेल, ते कळतं.

पुढे पहिल्या महायुद्धाने कच्च्या फिल्मची टंचाई केली आणि मोठे चित्रपट अडले. तेव्हा 1915 साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडी जराशी सरकवायची, एक चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची. कोलने 1908 मध्ये काड्या हलवल्या होत्या, फाळक्यांनी त्या नाशिकला हलवल्या. आज त्या फिल्मची एक फूटही शिल्लक नाही.

यानंतरची दोन दशकं मी भराभर ओलांडतो, कारण नावं आहेत आणि फिल्म हाती नाहीत. 1934 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने गुणमय बॅनर्जींची ‘पी ब्रदर्स’ काढली. पुन्हा वाटाणेच, हा योगायोग मजेचा आहे. त्याच दशकात ‘प्रभात’ने ‘जंबूकाका’ हे कार्टून केलं आणि जी. के. गोखले यांनी 1939 साली ‘सुपरमॅन्स मिथ’ केलं. प्रत्येकाने पुन्हा पहिल्यापासून, एकट्याने शिकायचं आणि धंदा जमला नाही की सोडायचं. एका पिढीचं शहाणपण दुसरीला मिळालंच नाही. मला विचाराल तर भारतीय ॲनिमेशन मागे राहण्याचं खरं कारण हेच आहे. पैशाची टंचाई त्यानंतर येते.

ही साखळी जुळली ती 1956 साली. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने कार्टून विभाग काढला आणि डिस्नेकडे ‘बांबी’, ‘पीटर पॅन’सारख्या चित्रपटांवर काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. ते मिशनरी आईबापांच्या पोटी भारतातच जन्मलेले. शिकणाऱ्यांत राम मोहन नावाचा रसायनशास्त्राचा पदवीधर होता. पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला आलेला हा मुलगा व्यंगचित्रं काढता काढता इकडे वळला. गोखलेही याच विभागात होते. आधी मुख्य अवस्थांची चित्रं, मग मधली भरणीची चित्रं, मग पारदर्शक सेल्युलॉइडवर शाई आणि रंग, मग कॅमेरा. कामाची ही उतरंड तिथे हाताला लागली. सेकंदाला 24 चौकटी, आणि एक चित्र दोनदा वापरलं तरी दहा मिनिटांना 7,200 चित्रं. एकट्या माणसाचं कंबरडं मोडणारं हे काम आता टोळीने होऊ लागलं.

1957 साली त्यांनी बाहेर काढलेली फिल्म म्हणजे ‘द बॅनियन डिअर’. गाभण हरिणीच्या जागी स्वतः मरायला जाणाऱ्या मृगराजाची जातककथा. वीक्स डिस्नेचे असूनही हरणं बांबीची झाली नाहीत, रेषा अजिंठ्याच्या भिंतीवरून घेतली गेली. भारतात ॲनिमेशनचं रीतसर शिक्षण सुरू झालं आणि पहिल्याच धड्याला मराठवाड्यातलं लेणं समोर ठेवलं गेलं, ही गोष्ट आमच्याकडच्या एकाही चित्रकलेच्या तासाला मी ऐकली नाही.

राम मोहन पुढे मोठे झाले. ‘भुवन शोम’ आणि ‘शतरंज के खिलाडी’ मधले ॲनिमेशनचे तुकडे त्यांचे, जपानी युगो साको यांच्याबरोबरच्या ‘रामायण’मध्ये त्यांचा मोठा वाटा, 2014 साली पद्मश्री आणि 2019 साली निधन. दूरदर्शनवर वाढलेल्या सगळ्यांना 1974 ची ‘एक, अनेक और एकता’ आठवते. ती विजया मुळे या मराठी बाईंची आणि भीमसेन यांची, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतं. आणि जे. जे.च्या उपयोजित कलेतून निघालेल्या गीतांजली राव यांनी 2006 साली ‘प्रिंटेड रेनबो’ हाताने, जवळजवळ एकटीने रंगवून कान महोत्सवापर्यंत नेली. फाळक्यांचा एकट्याचा हट्ट संपलेला नाही, एवढं यावरून दिसतं.

अभ्यास वाचूनच होतो असं नाही. आमच्याकडे दिवाळी झाली की हरभरा पेरतात. एक दाणा कुंडीत लावा, मोबाइल पक्का बांधा आणि एक दिवा कायम पेटता ठेवा, नाहीतर दिवस-रात्रीच्या उजेडाने चित्र लुकलुकतं. लोडशेडिंगने घात केला तर दुसरा दाणा घ्या. तासाला एक फोटो घेतला तर चार दिवसांचे 96 होतात. सेकंदाला 12 च्या गतीने ते 8 सेकंद चालतात, आणि मातीतून मान काढणारं रोप तेवढ्यात दिसतं. कोणतंही पुस्तक न वाचता फाळक्यांचा पहिला धडा झाला.

एक विनंती मात्र गंभीरपणे करतो. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट प्रतींचा, त्यात ‘प्रभात’च्या वारशाचाही, मोठा घास गेला. जे उरलंय ते घराघरांत विखुरलेलं असू शकतं. नांदेड-लातूरकडच्या एखाद्या वाड्यात, माळ्यावरच्या पेटीत काचेवर रंगवलेली चित्रं, चित्रकथीचे पाठीला पाठ लावलेले कागद किंवा जुन्या रिळांचा डबा सापडला, तर भंगारवाल्याला देऊ नका. नायट्रेटची फिल्म सहज पेट घेते, म्हणून चुलीपासून आणि उन्हापासून दूर ठेवा, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र टाका.